चिकट्याची दुसरी वेलांटी

५ मार्च

दादा,

वर 'प्रिय' लिहावं की 'तीर्थरूप', यात माझा चहा थंड झाला. 'प्रिय' खोटं वाटलं, आणि 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील. म्हणून नुसतं 'दादा'. पाकिटावर मात्र तुझं आडनाव तू हल्ली लिहितोस तसं, दुसरी वेलांटी देऊन लिहिलं आहे. हात अडला, पण लिहिलं. नाहीतर दारातूनच परत यायचं.

घाबरू नकोस. घरी कुणी आजारी नाही, आणि मला काही मागायचंही नाही. बाबा ठणठणीत आहेत. कवळी डब्यात ठेवतात आणि जेवताना ती सापडत नाही म्हणून माझ्यावर ओरडतात.

पत्राचं कारण असं. तुझ्या कंपनीचं एक काम आमच्या ऑफिसात आलं आहे. छापखाना बंद पडल्यावर मी पेटंट शोधून देणाऱ्या एका ऑफिसात लागलो, हे तुला माहीत नसेल. एखाद्या कंपनीला नवीन काही बनवायचं असलं की ती आम्हाला विचारते, याआधी हे कुणी नोंदवून ठेवलंय का, आणि सध्या सगळे कुठल्या दिशेने पळतायत. आम्ही जुनी-नवी पेटंटं काढतो, वाचतो, त्यांचे गठ्ठे पाडतो आणि रिपोर्ट देतो. मी दहावीत लटकलेला. मला यात घेतलं ते फक्त शुद्धलेखनासाठी. आमच्या ऑफिसच्या मॅडम म्हणतात, 'तुझ्या डोळ्यांत चाळण बसवली आहे.' त्यांनी हे कौतुकाने म्हटलं होतं असं मी धरून चाललो आहे.

तुमचा विषय बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा तो बुळबुळीत थर. तो धरू नये म्हणून जगभर काय काय उपाय नोंदवले गेलेत, ते पाहायचं. दादा, मला सकाळपासून उमासे येतात. पहिला जिवाणू पृष्ठभागाला चिकटतो, मग त्याला दुसरे, मग ते सगळे मिळून स्वतःभोवती एक शेंबडासारखा लगदा काढतात आणि त्यात मजेत राहतात. औषध आत शिरत नाही. लघवीच्या नळीत, सांध्यात बसवलेल्या धातूवर, पाण्याच्या टाकीत, दातांवर, सगळीकडे तेच. पेटंटांत त्याचे फोटोही असतात, रंगवलेले, मखमलीसारखे. मी माझी पाण्याची बाटली टाकून दिली. शेजारी बसणारा ग्राफवाला म्हणतो, 'अरे, तुझ्या जिभेवर पण आहे तो. गिळ की!' त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

तुमच्याकडून कोणते शब्द वापरून शोधायचं त्याची यादी आली. खाली तुझी सही पाहिली आणि कानशिलं तापली. ऑफिसात कुणाला आपलं नातं कळलेलं नाही. आडनावातल्या वेलांटीचा तेवढा फायदा झाला. यादीत 'बायोफिल्म' होतं, 'जैवपटल' होतं, 'सूक्ष्मजीवांचा थर' होतं आणि शेवटी बाबांचा जुना शब्द, 'चिकटा'. पहिल्या वेलांटीचा, बरोबर लिहिलेला! तुला आठवतं, बाबांच्या खुर्च्या-दुरुस्तीची बिलं तू लिहायचास तेव्हा दर वेळी 'चीकटा' लिहायचास? आणि मी शाईने खोडलं की टपली मारायचास, 'कळतंय ना वाचून? मग झालं.' आता इतक्या वर्षांनी तू तो शब्द नीट लिहिलास. मला खरंच आनंद झाला. तेवढं सांगायलाच हे पत्र.

तुझा धाकटा

१९ मार्च

दादा,

तुझं पार्सल मिळालं. पत्र नव्हतं. एक हातभर नळी आणि टाइप केलेली चिठ्ठी: 'नमुना. बाबांना दाखव. ऑफिसात नातं सांगू नकोस.' चिठ्ठी मी दोन्ही बाजूंनी पाहिली. मागे कोरी होती.

बाबांना नळी दिली. त्यांनी ती उजेडात धरली, एका टोकाला डोळा लावला, दुसरं टोक माझ्याकडे वळवून म्हणाले, 'बोल काहीतरी.' मी म्हटलं, 'हा फोन नाही, बाबा.' ते आत बघतच राहिले. मग म्हणाले, 'आत पिळा घातलाय. स्क्रूसारखा. पाणी गोल फिरतं म्हणून चिकटा बसत नाही. कुठून आली?'

'दादाच्या कंपनीची.'

ते नळी घेऊन उठले. बाथरूमच्या नळाला त्यांनी एक साधी नळी आणि एक तुझी, अशा शेजारीशेजारी बांधल्या. पाणी थेंबथेंब सोडून ठेवलं आहे. मला अंघोळ करताना दोन्हींकडे पाठ करून उभं राहावं लागतं.

तुला बाबांची बरणी आठवत असेल. मी ती विसरायचा प्रयत्न करत होतो. दाताच्या डॉक्टरांकडे खुर्च्या दुरुस्त करायला जाताना ते पिशवीत एक काचेची बरणी न्यायचे आणि तिच्यात कुठल्या तरी जुन्या नळीतून ओढलेला गिळगिळीत गोळा असायचा. डॉक्टर हात धुवायला गेले की बरणी टेबलावर. मग, 'डॉक्टर, हे बघा तुमच्या खुर्चीतून काय निघालं. हे पेशंटच्या तोंडात जात होतं.' एकच गोळा साऱ्या गावाच्या खुर्च्यांतून निघायचा. वाळायला लागला की बाबा त्यात पाणी घालायचे. ती बरणी आपल्या स्वयंपाकघरात कपाटाच्या खालच्या फळीवर, आईच्या डब्यांच्या शेजारी असायची. मला वाटतं, मला स्वच्छतेचं जे वेड लागलं ते तिथून. तुला मात्र लाज लागली. तुझ्या लग्नाला आम्हाला न बोलवता फोटो पाठवलास, त्यामागे ही बरणी होती हे मला कळतं.

ऑफिसचं काम पुढे सरकतंय. ग्राफवाल्याने कुणी कधी काय नोंदवलं त्याची वळणावळणाची रेघ काढली आहे. आधी सगळे मारायच्या मागे होते: चांदी, तांबं, नळीतच मुरवलेलं औषध. जिवाणू मरत, पण त्यांची मढी तिथेच चिकटत आणि नवे त्यांच्यावर येऊन बसत. मग सगळे वळले ते पृष्ठभाग निसरडा करण्याकडे. मग लगदा विरघळवणारी रसायनं. मग जिवाणू आपसात जे निरोप धाडतात ते बंद पाडण्याची टूम निघाली. आणि हल्ली सगळ्यांना आकार हवाय: माशाच्या कातडीसारखा खरखरीत, किड्याच्या पंखासारखा टोकदार. रेघ शेवटी भिंतीसारखी सरळ वर जाते.

त्यातलं बाजारात किती आलं, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, 'बाजारात आणायला कोण नोंदवतंय? शेजाऱ्याने घर बांधू नये म्हणून कुंपण घालतात.' वाचताना मला ते दिसायला लागलं. एकच मजकूर, दोन शब्द इकडचे तिकडे करून, पुन्हा पुन्हा. चुका सुद्धा त्याच. एकाने 'पृष्ठभाग'चा 'पृष्टभाग' केला आणि मागून आलेल्या सगळ्यांनी तो तसाच उचलला. एकाला दुसरा चिकटलेला. संध्याकाळी मी ऑफिसचा कीबोर्ड स्पिरिटने पुसतो.

रिपोर्टात तुमच्या पिळ्याच्या नळीची जागा अजून पांढरी आहे. म्हणजे याआधी कुणीच केलेलं नाही. तुझं अभिनंदन करायचं होतं, पण बाबा रोज नळीशी उकिडवे बसून काहीतरी आठवल्यासारखे हसतात, त्यामुळे थांबलो आहे.

धाकटा

२८ मार्च

दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथं पाठवतो आहे.

परवा बाबांच्या जुन्या पाकिटात त्यांचं कार्ड सापडलं. त्यांच्या नावाखाली 'पेटंटधारक' असं छापलेलं. लहानपणी मला तो एखादा आजार वाटायचा. मी बाबांना विचारलं, 'हे खरं होतं?' ते म्हणाले, 'खरं म्हणजे काय, सरकारचा कागद होता! नंतर फी भरायची राहिली, मग गेलं ते. पण कार्ड पाहिलं की डॉक्टर लोक खुर्ची द्यायचे बसायला.'

ऑफिसात जाऊन बाबांच्या नावाने शोधलं. लगेच सापडलं. दाताच्या खुर्चीतील पाण्याच्या नळीत आतून तारेचा पिळा बसवून पाणी फिरते ठेवण्याची रीत. आकृतीसह. आकृतीतल्या बाणांची टोकं तुझ्या हातची आहेत, भरीव, किंचित वाकडी.

मग माझ्या शोधात हे का आलं नाही? मी घाबरलो. मला वाटलं, माझीच चूक. मी कुठेतरी बटण दाबायला विसरलो. पुन्हा सगळे शब्द टाकले. नाही आलं. मग बाबांचा मजकूर शब्द शब्द वाचला. त्यात 'बायोफिल्म' नाही, कारण तेव्हा तो शब्द आपल्याकडे कुणी ऐकला नव्हता. 'जैवपटल' तर नाहीच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द आहे: चीकटा. चीकट्याचा. चीकट्यामुळे. सगळीकडे दुसरी वेलांटी. कॉम्प्युटरला 'चि' आणि 'ची' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. 'चिकटा' म्हणून हाक मारली तर 'चीकटा' ओ देत नाही.

तो अर्ज तू लिहिला होतास. तू अकरावीत होतास.

आणि या वेळी यादीत तू 'चिकटा' बरोबर लिहिलास.

दादा, मला आधी वाटलं तू सुधारलास. मी तुला पत्रात तसं लिहिलंही. ते आठवून माझ्या अंगावर शहारे येतात. तू यादीत तो शब्द घातलास म्हणजे कुणी म्हणू नये की जुना बोलीतला शब्द पाहिलाच नाही, आणि बरोबर लिहिलास म्हणजे तो सापडू नये. जन्मात एकदाच तू शुद्ध लिहिलंस, आणि ते यासाठी. बरणीतला गोळा परवडला. त्याला निदान वास तरी यायचा.

मला हे कुणाशी बोलता येत नाही. जेवण जात नाही. हात धुतो आणि पुन्हा धुतो.

मी नियम वाचून काढले आहेत. पिळ्याच्या नळीसाठी तुमच्या कंपनीने केलेला अर्ज अजून मंजूर झालेला नाही. तू स्वतः कळवलंस की असं एक जुनं पेटंट होतं, तर तुझा दावा आकसून घेता येतो. पिळ्याची कल्पना जुनी, पण एकसंध प्लास्टिकमध्ये तो ओतायची तुमची पद्धत नवी, असं म्हणता येतं. सगळं जात नाही, थोडं राहतं, आणि तुझी मानही राहते. रिपोर्ट बारा तारखेला जायचा आहे. त्याआधी तू कळव. मी काहीच पाहिलं नाही असं धरून चालतो.

बाबांना हे सांगितलेलं नाही.

धाकटा

६ एप्रिल

दादा,

फोनवर मला बोलता आलं नाही. तू बोलत होतास तेव्हा मी टेबलावरची धूळ बोटाने गोळा करत होतो. आता लिहितो.

तू म्हणालास, कल्पना तुझीच होती. अर्ज तू लिहिलास, चित्र तू काढलंस, आणि नाव लागलं बाबांचं. कार्ड त्यांचं छापलं गेलं. तू तुझीच वस्तू परत घेतो आहेस, त्यात चोरी कसली? हे ऐकून त्यात तथ्य आहे असं वाटलं. म्हणून मी बाबांना तोंडावर विचारलं. म्हणजे आता त्यांना सगळं माहीत आहे. रागावू नकोस. रागावलास तरी चालेल.

बाबा बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले होते. ऐकून घेतलं आणि इतके हसले की कवळी हातात घ्यावी लागली.

'कल्पना? अरे, कल्पना कुणाच्या बापाची होती? तुझ्या दादाने माझं चांगलं बॉलपेन उचकटलं. आतली स्प्रिंग उडाली ती गेली नळीत. नळी खुर्चीला लागलेली. मी थोबाडीत दिली ह्याच्या. स्प्रिंग काही निघेना, म्हटलं राहू दे. महिन्या-दोन महिन्यांनी नळी कापली तर आतून स्वच्छ! बाकी सगळ्या बरबटलेल्या.'

'मग शोध कुणाचा, बाबा?'

'स्प्रिंग ह्याची, नळी माझी. थोबाडीतही माझीच.'

'मग अर्जावर त्याचं नाव का नाही घातलंत?'

'पोरसवदा होता. कोण विचारतं पोराला?'

'तरी घालायचं होतं.'

'घातलं असतं तर आज अडकला असता,' बाबा म्हणाले. 'नाव नाही म्हणून चोरता तरी येतंय.'

मला हसू आलं नाही. दोघांचाही संताप आला. त्यांनी तुझं नाव गिळलं, आता तू त्यांचं गिळतोस, आणि मी मधे उभा राहून तोंड पुसतोय. तुझी तक्रार खरी आहे. ती तू त्यांच्याशी भांडून मिटवायची होतीस. एका वेलांटीच्या आड लपून नाही.

पण तुला वाटतं तसा मी बाबांच्या बाजूने लढत नाही. त्यांना ते पेटंट परत नकोच आहे, आणि मिळणारही नाही. दुसरी गोष्ट सांगतो. माझी दाढ दुखत होती. सोमवारी मी आमच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तोंड उघडून आडवा पडलो तर पाण्याची नळी बरोबर डोळ्यांसमोर. आरपार दिसायला हवी होती, ती आतून दुधाळ झाली होती. त्यातून एक फिकट गुलाबी धागा लोंबत होता आणि बाई म्हणत होत्या, 'मोठा आ करा.' मी उठून बसलो. त्यांना नळीबद्दल विचारलं. त्या चिडल्या नाहीत, उलट ओशाळल्या. म्हणाल्या, 'धुते हो मी, पण परत धरतो. चिकटा न धरणाऱ्या नळ्या निघाल्यात म्हणे, पण त्या बनवणाऱ्या कंपनीच्याच खुर्चीबरोबर घ्याव्या लागतात. ती खुर्ची मला कुठली परवडायला?'

बाबांची फी थकली आणि पेटंट संपलं, त्या दिवसापासून तो पिळा कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा आहे. खुर्च्या दुरुस्त करणारा कुणीही माणूस तार वळवून नळीत सारू शकतो. त्याला ते माहीत नाही एवढंच. तुझा दावा आहे तसा मंजूर झाला तर उद्या त्याने तसं करणं गुन्हा होईल. आणि बाईंच्या खुर्चीत लोक आ करून पडत राहतील. मी दाढ तशीच घेऊन घरी आलो. अजून ठणकते आहे.

फोन ठेवताना तू म्हणालास, 'तू कोण रे? वेलांट्या मोजणारा. तुझ्यामुळे माझी नोकरी गेली तर तोंड दाखवू नकोस.' तोंड तसंही तू बरीच वर्षं पाहिलेलं नाहीस. पण नोकरीचं ऐकून मला झोप लागली नाही. वहिनींना मी कधी भेटलो नाही, तरी त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता, त्या फोटोतला.

बारा तारखेपर्यंत वेळ आहे. एक ओळ लिही. हवं तर मी शुद्धलेखन तपासून देतो.

धाकटा

१३ एप्रिल

दादा,

तुझी ओळ आली नाही.

काल सकाळी मी मॅडमकडे गेलो. आधी म्हटलं, तुमच्याशी बोलायचं आहे. मग खुर्चीवर बसलो. मग उठलो. त्या म्हणाल्या, 'रजा हवी असेल तर सरळ माग.' मी बाबांचं पेटंट त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला. 'हे आपल्या शोधात का नाही?'

मी वेलांटी दाखवली.

'बरं मग. यादी कंपनीने दिली. आपण त्या यादीप्रमाणे शोधलं. जे सापडलं ते सापडलं.'

'मॅडम, रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर "तपासले" म्हणून माझी सही असते.'

'तू तपासलंसच की.'

'ज्याने यादी दिली तो माझा भाऊ आहे. आणि हा अर्ज त्याच्याच हातचा आहे.'

त्यांनी बाबांचं पेटंट मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, 'तू मला हे सांगायला नको होतंस. आता मला माहीत झालं.' त्यांच्या आवाजात राग होता आणि तो खरा होता. त्यांनी मला या कामातून काढलं, ते योग्यच आहे. उद्यापासून मी दाराच्या बिजागऱ्यांची पेटंटं तपासणार आहे. बिजागऱ्या कोरड्या असतात, तेवढंच बरं. नोकरी राहील की नाही हे त्या सोमवारी सांगतील. पण म्हणाल्या, 'जाण्याआधी हे नीट घालून जा. तुझ्या घाणीत दुसरं कुणी हात घालणार नाही.'

मी बाबांचं पेटंट सापडलेल्या पेटंटांच्या यादीत चढवलं. ग्राफवाल्याने त्याच्या रेघेवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, फार मागे, एक ठिपका दिला. म्हणाला, 'एवढासा ठिपका आणि तुझं तोंड बघ. मुंगी चावली का?' मी म्हटलं, 'भाऊ.' त्याला कळलं नाही.

मग शेवटचं पान. 'शोधासाठी वापरलेले शब्द.' हे पान सरकारी तपासनीस वाचतात आणि त्याच शब्दांनी स्वतः पुन्हा शोधतात. नुसता 'चिकटा' ठेवला तर त्यांनाही बाबांचा कागद सापडणार नाही. आणि पुढेमागे कुणी खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याने शोधलं तर त्यालाही नाही. म्हणून 'चिकटा'च्या पुढे स्वल्पविराम दिला आणि तो शब्द पुन्हा लिहिला. चीकटा.

दादा, तुला हसू येईल, पण मला ते बटण दाबवेना. छापखान्यात असल्यापासून माझ्या हातून एकही चुकीची वेलांटी बाहेर गेलेली नाही. पडद्यावर तो शब्द तांबड्या रेघेसकट उभा होता आणि मला दुधाळ नळीत पाहावं तसं मळमळत होतं. मॅडम मागून म्हणाल्या, 'हे चुकलंय.'

'हो, मॅडम.'

'तुझ्याकडून?'

'घरून आलंय,' मी म्हटलं, आणि पाठवून दिलं.

तुझा दावा पडेल की आकसेल ते मला ठाऊक नाही. तुझ्या नोकरीचं काय होईल तेही नाही. मला बरं वाटत नाहीये. बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. तुझी किळस येते, आणि ती येते त्याच वेळी बाणांची ती वाकडी टोकं आठवतात. स्वयंपाकघरात जमिनीवर पालथा पडून, जीभ बाहेर काढून तू ती रंगवायचास.

संध्याकाळी घरी आलो तर बाबांनी दोन्ही नळ्या कापून उभ्या चिरल्या होत्या आणि वर्तमानपत्रावर शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. साध्या नळीत काय होतं ते लिहीत नाही. तुझी आतून लख्ख होती. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, मला म्हणाले, 'बोट लाव.' मी लावलं. दादा, मी खरंच लावलं.

'पोरगं हुशार आहे,' बाबा म्हणाले. 'चोर आहे, पण हुशार आहे.' मग म्हणाले, 'त्याला लिहिशील तेव्हा सांग, पिळा चांगला बसलाय. आणि ते बॉलपेनचं... ते पण लिही काहीतरी.'

'काय लिहू?'

'तुला येतं ना नीट लिहायला? तूच लिही.'

ते उठून नळ बंद करायला गेले. काय लिहायचं ते मला सुचलेलं नाही. म्हणून ते म्हणाले तेवढंच जसंच्या तसं ठेवलं आहे.

रिपोर्टात तुझी चूक मी तशीच ठेवली. पाकिटावरची मात्र आज सुधारली आहे. आडनाव आपलं, पहिल्या वेलांटीचं. पोस्टमनने विचारलं तर तो तूच आहेस, एवढं सांग.

तुझा भाऊ